हँडलवरचा टॉवेल

दाजी,

संतोषचा फोन आला तेव्हा मी अंगणात पाय धूत होतो. "मामा, आप्पा गेलं," एवढंच तो म्हणाला. मी म्हणालो, "येड्यासारखं काय बोलतो, आत्ता तर..." आणि तिथंच थांबलो. 'आत्ता तर मी त्यांच्याशी भांडून आलोय' असं पुढं यायचं होतं. ते आलं नाही. तांब्या हातात तसाच राहिला. पायाला तुमच्या शेडमधलं काळं ऑईल लागलेलं होतं, ते निघतही नव्हतं, आणि फोनमध्ये तुमचा मुलगा मला सांगत होता की तुम्ही नाही.

अजूनही मला ते खरं वाटत नाही. भांडण अर्धं टाकून माणूस जातो कसा?

लोक काय म्हणतात ते आधी सांगतो. तुमच्या कानावर ते जायला हवं होतं आणि त्यावर तुम्ही काहीतरी खवचट बोलायला हवं होतं. तुमच्या राहू गावात, आमच्या मांडवगणात, नदीच्या दोन्ही अंगाच्या सोयऱ्यांत एकच बोललं जातंय: म्हाताऱ्यानं भंडारा उचलून शपथ घेतली होती, ती मोडली आणि ट्रॅक्टरचं हँडल मारता मारता मेला. हे खोटं आहे. तुम्ही शपथ मोडली नाही. हे माहीत असलेला एकच माणूस होता आणि तो तुमच्या तेराव्यापर्यंत तोंड शिवून बसला. तो मी. आता घरात सांगून झालंय, पण घरात सांगितलेलं घरातच राहतं. म्हणून हे लिहितोय.

ज्यांनी तो ट्रॅक्टर पाहिला नाही त्यांना आपलं वेड कळणार नाही. कमरेएवढा उंच, एका सिलिंडरचा, फळबागेच्या दोन ओळींतून फांदी न मोडता जाईल इतका अरुंद. बॅटरी नाही, बटन नाही. पुढं नाकात लोखंडी हँडल घालायचं आणि फिरवायचं. मी सणसवाडीच्या कंपनीत फिटर म्हणून जन्म काढला. रिटायर झाल्यावरही त्या रस्त्यानं जाताना माझी मान भंगाराच्या दुकानांकडे वळते. तिथंच तो दिसला, पत्र्याच्या ढिगाखाली नुसतं नाक बाहेर काढून. मला एकदम तुम्ही आठवलात. तरणेपणी तुम्ही दौंडकडच्या एका बागायतदाराकडे असलाच ट्रॅक्टर चालवत होता आणि आक्काला बघायला त्याच्यावरच बसून आला होता. मालकाला न विचारता. आमचे वडील म्हणाले होते, "पोरगं मेंढरामागचं का बागंतलं?" आणि तुम्ही म्हणालात, "मामा, सध्या बागंतलं. पोरगी दिली तर मेंढरं बी राखीन."

मी तो टेम्पोत घालून तुमच्या दारात उतरवला. सगळ्यांना सांगितलं, दाजींसाठी आणलाय. आक्का पदर खोचून बाहेर आली आणि म्हणाली, "बापू, दारात एक जित्ता ट्रॅक्टर हाय ना? ह्यो मेलेला कशाला आनला?"

एक गोष्ट इथंच सांगून टाकतो. तो तुमच्यासाठी आणलेला नव्हता. कंपनी सुटल्यावर घरात मला कुणी काही विचारत नव्हतं. सकाळी डबा नाही, शिफ्ट नाही. मोटरसायकल काढून कुठंतरी जायला मला कारण हवं होतं. तुम्हाला ते पहिल्याच दिवशी कळलं होतं असं मला वाटतं. कारण तुम्ही आक्काला म्हणालात, "ऱ्हाऊ दे. पाव्हण्याला हाताला काम हुईल." मी तेव्हा रागानं तुमच्याकडे पाहिलं होतं. आज त्या वाक्याबद्दल तुमचे पाय धरावेसे वाटतात.

इंजिन जाम होतं. पिस्टन सिलिंडरमध्ये धरून बसलेला. मी लाकडी ठोकळा आणि हातोडा घेतला.

"ठिवा त्यो हातुडा," तुम्ही म्हणालात. "ही काय तुमची कंपनी न्हाई, संध्याकाळी माल गेला पायजे म्हनून."

मग तुम्ही वरून डिझेल आणि ऑईल ओतलं, पोतं झाकलं आणि बसून राहिलात. रोज सकाळी हँडलवर नुसता तळवा ठेवायचा, थोडा भार द्यायचा, सोडायचा. मी चिडायचो. तुम्ही म्हणायचा, "मेंढरू वढून येत न्हाई, पाव्हणं. आपुन उभं ऱ्हायलो की मागनं येतं."

"ह्याला लोकर येईस्तोवर थांबायचं का?"

"आली तर घोंगडं विणू. तुमालाच दिऊ."

आणि एका सकाळी तो हलला. एखादा इंच असेल. तुम्ही दोन्ही हात वर केले, आणि कंपनीत नव्या मशिनवर हार घालताना कधी न वाटलेलं काहीतरी मला वाटलं. मात्र तुमचं सगळंच बरोबर होतं असं आता कुणी म्हणू नये. चपलेच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून तुम्ही इंजिनाच्या सांध्यात घालायचं गॅस्केट कापलं होतं आणि त्यातून पाणी धो धो गळत होतं. मी नीट शीट आणून दुसरं बसवलं तर तुम्ही म्हणालात, "माझं बी थोडं दिस चाललं असतं." रंगावरून तर आपलं कधीच जुळलं नाही. मला तो मूळचा लाल हवा होता, तुम्हाला पिवळाधमक. मी विचारलं होतं, "ट्रॅक्टर हाय का जेजुरीचा घोडा?" तुम्ही गुपचूप पिवळ्या रंगाचा डबा आणून ठेवला होता. तो अजून फळीवर आहे.

मग मागच्या वर्षी तुमच्या छातीत कळ आली, दौंडला नेलं, तिथून पुण्याला, स्टेंट बसली. घरी आल्यावर चौथ्या की पाचव्या दिवशी तुम्ही शेडमध्ये सापडलात, हँडलवर तळवा ठेवून उभे.

आक्कानं आपल्याला दोघांना आत बोलावलं आणि देव्हाऱ्यातली भंडाऱ्याची डबी तुमच्या पुढं धरली.

"उचला."

"अगं, मी नुस्ता हात..."

"उचला. आन् ह्या बापूच्या देखत बोला."

आपली दोन्ही घरं मेंढरामागची. आता शेतीत स्थिरावलो, पोरं कंपनीत गेली, पण भंडारा उचलून बोललेला शब्द आपल्यात फिरत नाही. कागद फिरतो, कोर्टाचा निकाल फिरतो, हा नाही. तुम्ही चिमूट उचललीत. "ह्या हँडलला हात लावीन तर..." म्हणालात आणि अडलात.

"तर माझ्या बायकूचं बरंवाईट व्हईल," आक्कानं पुढचं सांगितलं. "म्हना."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. उसाच्या फडात सापडलेल्या पोरासारखा चेहरा झाला होता तुमचा. मग खाली बघून तुम्ही ते म्हणालात.

त्या दिवसापासून तुम्ही ती शपथ अशी पाळली की मला हसू यायचं. हँडल वाटेत पडलेलं असेल तर तुम्ही ओलांडून जायचा. फारच आडवं आलं तर पायानं सरकवायचा आणि म्हणायचा, "शपथ हाताची हाय, पायाची न्हाई." नाहीतर शेजारच्या कुणाला हाक मारून ते हँडल भिंतीला उभं करून घ्यायचा. मी म्हणालो, "दाजी, नुसतं उचलून ठेवलं तर काय देव खाली येतोय का?" तेव्हा तुम्ही हसला नाही. म्हणालात, "पाव्हणं, मी माझ्या जिवाची घेतली असती तर कवाच मोडली असती. तिच्या जिवाची हाय."

हे वाक्य मी विसरलो. मुद्दाम नव्हे, पण विसरलो.

आता ती सकाळ. आक्का बायकांबरोबर कांदा लावायला गेली होती. इंजिनाचा डिझेलचा पंप दुरुस्त करून आपण परत बसवला होता आणि मी हँडल मारायला म्हणून आलो होतो. थंडी अशी की लोखंड हाताला चावत होतं. मी खांद्यावरचा टॉवेल हँडलच्या मुठीला गुंडाळला आणि गाठ मारली.

"टावेल काढा," तुम्ही लगेच म्हणालात.

हेही तुम्ही मला सुरुवातीलाच शिकवलं होतं. हँडल धरताना अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, कारण इंजिननं उलटा झटका दिला तर अंगठा जातो. आणि मुठीला कधी फडकं बांधायचं नाही. कापडात हात अडकला तर सोडवता येत नाही. तुमच्या त्या बागेत एकाचं मनगट तसंच मोडलं होतं. मला ते सगळं ठाऊक होतं.

"हात सोलतोय माझा," मी म्हणालो आणि टॉवेलासकट फिरवायला लागलो. तुम्ही बाजूला उभं राहून व्हॉल्व्हची दांडी धरली होती, म्हणजे आतली हवा मोकळी होऊन हँडल हलकं फिरतं. मी फिरवायचो, तुम्ही दांडी सोडायचा, इंजिन एकदा खोकायचं आणि गप्प. पुन्हा. पुन्हा. माझा श्वास फुलला.

"टायमिंग चुकलंय," मी म्हणालो. "पंपाचा गियर एका दातानं मागं बसलाय."

"टायमिंग बरूबर हाय. मनगट चुकलंय."

"मी तीस वर्षं मशिनी उघडल्यात, दाजी."

"मग ही बी उघडलीच की. चालू कुठं केली?"

खरंतर ही आपली रोजचीच भाषा. त्या दिवशी मला ती लागली. मी हँडल तसंच ट्रॅक्टरच्या नाकात सोडलं, टॉवेलासकट, आणि बोललो, "मग मारा की तुमीच! का बायकूच्या भंडाऱ्याला भ्याला?"

तुम्ही त्या मोडक्या लोखंडी खुर्चीवर बसलात आणि बाहीनं कपाळ पुसलं. दाजी, आपल्या दोघांच्या तोंडातून वाफ निघत होती आणि तुमच्या कपाळावर घाम होता. मी तो पाहिला. पाहिला नाही असं मी म्हणू शकत नाही. मला वाटलं, बोलायला काही उरलं नाही म्हणून रुसून बसलेत.

मी मोटरसायकलकडे गेलो. मागून तुमचा आवाज आला, साधा, नेहमीसारखा. "पाव्हणं, टावेल काढून जावा."

मी वळलोही नाही. म्हणालो, "तुमीच काढा."

तुम्ही तो काढू शकत नव्हता हे मला माहीत होतं. म्हणूनच म्हणालो.

पूल ओलांडून घरी आलो, पाय धुवायला बसलो आणि फोन आला.

मी परत राहूला पोचलो तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. तुम्हाला ओसरीवर घेतलं होतं. आक्का न्याहारीची भाकरी खायला घरी आली तेव्हा तुम्ही शेडमध्ये ट्रॅक्टरच्या शेजारी खाली पडलेले तिला दिसला होतात, खुर्ची कलंडलेली, आणि हँडल ट्रॅक्टरच्या नाकात. तिला आणखी काय वाटणार? ती रडत नव्हती. खांबाला टेकून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत होती, "मोडली. माझ्या जिवाची शपथ मोडली ह्या मानसानं. माझ्यापरीस ते हँडल प्यारं झालं."

मी शेडकडे गेलो. हँडल मी सोडलं होतं त्याच जागी होतं. मुठीवर माझा टॉवेल, माझीच गाठ, तशीच घट्ट. येणारेजाणारे म्हणत होते, बघा, हात गार पडू नये म्हणून टॉवेल गुंडाळून हँडल मारत होता बिचारा. तुम्ही हँडल मारायचं ठरवलं असतंत तर आधी तो टॉवेल काढला असता. टॉवेल होता म्हणजे तुमचा हात त्या हँडलला लागलाच नव्हता. मी डिवचूनही नाही.

तेवढ्यात कुणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "पाव्हणं, शेवटची भेट कवा झाली वो?"

"परवा," मी म्हणालो.

माझ्या तोंडून ते कसं निघालं मला माहीत नाही. निघालं, आणि मग ते परत घेता आलं नाही.

दहाव्याला नदीवर मी ठरवून आलो होतो. कावळा शिवणार नाही, सगळे एकेक इच्छा बोलून बघतील, पोराबाळांचं बघू, शेत विकणार नाही, आणि मग मी पुढं होऊन सगळ्यांच्या देखत खरं सांगीन. दर्भाचा कावळा करायची वेळ येऊ देणार नव्हतो. पिंड ठेवून आम्ही मागं सरतोय तोच कावळा आला, शिवला आणि गेला. माणसं खूश झाली. "सुटला म्हातारा, काय बी मागं ऱ्हायलं न्हवतं." मी तोंड उघडं टाकून उभा. दाजी, माझी सुटका करायला तुम्ही जरा वेळ लावायला हवा होता. तुम्हीच तर मला थांबायला शिकवत होता ना?

तेराव्यानंतर आक्कानं भंगारवाल्याला बोलावलं. भंडाऱ्याची डबी तिनं देव्हाऱ्यातून काढून फडताळात मागं सारली होती आणि अजून एकदाही रडली नव्हती. टेम्पो शेडच्या तोंडाशी येऊन लागला. भंगारवाल्याचा यूपीचा माणूस कामाला लागला आणि म्हणाला, "बाबा, ये हँडल का कपडा निकाल दूँ?" त्यानं हात पुढं केला.

"हात लावू नको!" मी एवढ्या जोरात ओरडलो की शेजारची कुत्री भुंकायला लागली.

आक्का बाहेर आली. "काय झालं रं, बापू?"

"टावेल माझा हाय," मी म्हणालो.

"मंग घे की. आरडतो कशाला?"

मग मी सांगितलं. त्या सकाळी आलो होतो ते. टॉवेल मी गुंडाळला ते. हँडल मी मारलं, मी सोडलं, आणि दाजींनी त्याला बोटसुद्धा लावलं नाही ते. आक्का मला निरखत राहिली. मेलेल्या माणसाची अब्रू झाकायला मी खोटं रचतोय असं तिला वाटलं असावं. ती आत गेली आणि फडताळातली डबी घेऊन आली.

"उचल."

मी चिमूट उचलली आणि पुन्हा सगळं सांगितलं. या वेळी घामाचंही. तुम्हाला काय बोललो तेही.

"शेवटचं काय बोललं?" तिनं विचारलं.

"पाव्हणं, टावेल काढून जावा."

"आन् तू?"

"तुमीच काढा."

ती त्या हँडलकडे बघत उभी राहिली. मग तुमच्या खुर्चीवर बसली आणि तिला जो हंबरडा फुटला तो मी जन्मात विसरणार नाही. तुमच्यावर ओरडत होती ती. "एवढं कशाला पाळायचं वो! टावेल काढला असता तर मी काय मरनार व्हते? एवढं कशाला पाळायचं!"

भंगारवाला रिकामा टेम्पो घेऊन गेला.

संतोष एवढंच म्हणाला, "मामा, गाडी व्हती की तुमच्याकडं. दौंड असं किती लांब हाय?" त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही. त्यानं हे तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही माझ्या बाजूनं काहीतरी रचून सांगितलं असतंत, आणि तेच मला सहन होत नाही.

मी अजून राहूला जातो. आक्का चहा देते, बोलत नाही फारसं. टायमिंगचं झाकण मी उघडलेलं नाही. उघडून तुम्ही बरोबर निघालात तर मी हरलो, आणि मी बरोबर निघालो तर सांगू कुणाला?

काल ती चहा घेऊन शेडमध्ये आली आणि तिथंच उभी राहिली. त्या दिवसापासून हँडलला कुणी हात लावला नव्हता. तिनंही नाही.

"बापू, काढ त्यो," ती म्हणाली.

गाठ दवानं आवळून बसली होती. हातोड्याच्या माणसाला गाठी सुटत नाहीत. मी नखं लावून बघितली, ओढून बघितलं. मग हात काढून घेतला, तळवा ठेवून थोडा वेळ नुसता भार दिला, आणि पुन्हा हळूहळू एकेक पीळ सोडवत गेलो. हँडल नाकातून ओढून मी तिच्या हातात दिलं. तिनं दोन्ही हातांत त्याचं वजन पाहिलं.

"एवढंसं तर हाय," म्हणाली, आणि ते फळीवर तुमच्या पिवळ्या रंगाच्या डब्याशेजारी ठेवून दिलं.

टॉवेल काढला, दाजी.